भुकेचा दोष कोणाचा?

वाचकहो, या लेखात मी एका जुन्या चुकीची कबुली देणार आहे. ती चूक माझी आहे. परंतु घरातील स्थूल आणि मधुमेही माणसाची शुश्रूषा करणाऱ्या पुष्कळांकडून ती घडत असावी, म्हणून लिहितो.

आमचे घर आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ, सौ.चे माहेर जुन्नरकडचे. तिच्या हातची मासवडी पाहुण्यांनी वाखाणावी आणि तिने मात्र स्वतःच्या पानात वाढून घेताना माझ्याकडे चोरून पाहावे, असे आमच्याकडे वर्षानुवर्षे चाले. कारण मी तिच्या भाकऱ्या मोजत असे. गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवीत असे. "जिभेवर ताबा नाही, दुसरे काय?" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले, त्याची गणती नाही. तिचे वजन १०२ किलो झाले होते, मधुमेह दहा वर्षांचा, इन्सुलिन सुरू आणि दोन्ही गुडघे जायबंदी. एकदा तिने कडक पथ्य पाळून नऊ किलो वजन उतरवले. दीड वर्षात ते अकरा किलो होऊन परतले. मी म्हणालो, "पाहिलेस?" ती काहीच बोलली नाही.

पुढे पुण्यातील एका रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तेव्हा डॉक्टरांनी मला आधी भुकेचे शास्त्र समजावून सांगितले. शरीरातील मेद हा नुसता साठा नाही. तो लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवतो. १९९४ साली त्याचा शोध लागला. साठा पुरेसा आहे, हा निरोप लेप्टिन मेंदूला पोहोचवते; मात्र स्थूल व्यक्तीत ते विपुल असूनही मेंदू त्या निरोपाला नीट दाद देत नाही. १९९९ साली सापडलेले घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. जेवणापूर्वी ते वाढते आणि भूक चेतवते. पथ्याने वजन उतरले की लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि चयापचय मंदावतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले, की वजन उतरवल्यानंतर एक वर्ष लोटले तरी हा बदल पूर्ववत होत नाही. म्हणजे आमच्या सौ.ची नऊ किलोंची कमाई हातची गेली, ती तिच्या मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे. दुष्काळ पडला आहे असे समजून तिचे शरीरच तिच्याविरुद्ध उभे राहिले होते.

"शेतात राबणाऱ्या घराण्यात कसला आला मधुमेह?" असे आमचे शेजारी म्हणत. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांहून वजनाने बरीच हलकी होती. परंतु त्यांच्या अंगातील स्नायू जितके कमी होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त अशी ही आपली ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की ती धोक्याची खूण मानतात.

सौ.वर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. जठराचा सुमारे पाऊण भाग काढून त्याची अरुंद नळी करण्यात आली. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढीच माझी समजूत होती. वास्तविक, काढलेल्या भागाबरोबर घ्रेलिनचा मोठा उगम नाहीसा होतो. अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके अधिक स्रवतात. जीएलपी-१ स्वादुपिंडालाही इन्सुलिन स्रवण्यास प्रवृत्त करते. (हल्ली चर्चेत असलेली सेमाग्लुटाइडची इंजेक्शने याच संप्रेरकाची नक्कल करतात.) त्यामुळे, आणि आहार अल्प झाल्यामुळे, वजन फारसे उतरण्याआधीच तिची साखर खाली आली. डॉक्टरांनी इन्सुलिन पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आणले. हा बदल घरच्या घरी करण्याचा नव्हे. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर एकाएकी उतरू शकते.

वर्षभरात वजन ७४ किलोंवर आले. लेण्याद्रीच्या पायऱ्या ती विसावा घेत का होईना, पण स्वतःच्या पायांनी चढली. आणि येथेच माझी दुसरी चूक झाली. "वजन उतरले, आता रोज एवढ्या गोळ्या कशाला?" असे म्हणून मी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणणे हळूहळू बंद केले. काही महिन्यांनी तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना तोल जाऊ लागला. तपासणीत बी-१२ अत्यल्प आणि रक्तही कमी निघाले. आमचे घर माळकरी, शाकाहारी. त्यात जठर लहान आणि मेटफॉर्मिनही चालू. इंजेक्शनांनी ती सावरली, परंतु डाव्या पायाची बधिरता थोडी राहिलीच.

वाचकहो, अशी शस्त्रक्रिया झालेले कोणी आपल्या घरी असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर लागते. रक्ततपासणीही ठरल्या वेळी व्हावी. पानातील डाळ, उसळ, पनीर, दही आधी खावे, भाकरी नंतर. कारण उतारवयात मेदाबरोबर स्नायूही झिजतात. घास लहान असावेत, पाणी जेवणाबरोबर न पिता काही वेळाने प्यावे. आणि रोज थोडे चालावे.

तिसऱ्या वर्षी तिचे वजन ७९ किलो झाले. दोन-तीन वर्षांनी थोडे वजन परतणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. शरीर आपली जुनी ओढ सोडत नाही. त्या दिवशी वजनकाट्यावरून उतरताना सौ.ने माझ्याकडे पाहिले. तीच जुनी, चोरटी नजर. जुने वाक्य माझ्या ओठांवर आलेच होते. ते मी गिळले आणि म्हणालो, "उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. दोघे मिळून पाहू काय करायचे ते."

"अहो, बोलणार नाही का मला?" तिने विचारले.

त्या प्रश्नाने मला किती लाज वाटली, हे सांगता येत नाही. तीस वर्षे मी तिच्या भुकेची शिक्षा तिला देत होतो. पथ्य सांभाळण्यास मदत अवश्य करा. पण भाकऱ्या मोजू नका. गुळाचा डबा आता आमच्याकडे खालच्याच फळीवर असतो.