हातखंब्याच्या वाडीने घेतलेली लाँच

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येताना निवळी मागे पडली की हातखंब्याचा तिठा लागतो. उजवा रस्ता रत्नागिरीला उतरतो, सरळ गेलात की पाली आणि लांजा. वर्तमानपत्रात हातखंब्याचे नाव येते ते बहुधा उतारावर उलटलेल्या टँकरमुळे. समुद्र बारा-तेरा किलोमीटरवर, पण इथून दिसत नाही. आमच्या बौद्धवाडीतल्या आयाबायांनी आयुष्यभर बांगडा-तारली शिजवली, पण बोटीत पाय ठेवलेल्या त्यात दोन-तीनच निघतील.

या वाडीतल्या अकरा घरांनी मिळून गेल्या हंगामात एक जुनी लाँच विकत घेतली. समाजबांधवांना तिची हकीकत उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तो आणि त्याचा मित्र आठ वर्षे मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले. जाळी ओढली, बर्फ फोडला, हिस्सा घेतला, घरी आले. तो म्हणाला, "अण्णा, दुसऱ्याच्या बोटीवर म्हातारा होईन मी. खाडीत पर्यटक फिरवायची एक केबिनवाली लाँच घेऊ या." नवी बोट आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून जुनी, पण चांगली राखलेली बघायची असे ठरले. मुंबईच्या दोघा चाकरमान्यांनी फंडाच्या पैशातून भर घातली, महिलांच्या बचत गटाने कर्जाऊ रक्कम दिली. हिशेब ठेवायला बी. कॉम. झालेला कारकून वाडीत मी एकटाच.

विहारात बैठक झाली तेव्हा एक आजी उठून म्हणाली, "डोंगरातली मानसा आपन. पैसं पान्यात घालताव व्हय?" कोणी हसले नाही, कारण सगळ्यांच्या मनात तेच होते. तेव्हा आमच्या निवृत्त गुरुजींनी १९२७ ची गोष्ट काढली. महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघालेल्या सत्याग्रहींना न्यायला मोटारवाले तयार नव्हते. तेव्हा बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून सुमारे दोनशे प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. "मोटार नाही म्हणाली, तेव्हा आपण पाण्यानेच गेलो," गुरुजी म्हणाले. आजी खाली बसली. तिची शंका मात्र खोटी नव्हती, हे पुढे कळले.

पहिली लाँच पाहिली ती बंदरालगत. काल-परवाच रंग काढलेली, निळी-पांढरी, चकचकीत. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच सुरू करून ठेवलेले. भावाने बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितले. गरम इंजिन कसेही सुरू होते. जुन्या डिझेल इंजिनाचे खरे दुखणे ते थंड असताना कळते. डिपस्टिक काढली तर ऑईल दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरलेले. भावाच्या मित्राने लाकडी मुठीने तळावर ठोकून बघितले. चांगले फायबर टणटण वाजते, थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. दोन ठिकाणी बद्द आला. कागद मागितले तर मासेमारीच्या बोटीचे. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत, त्यासाठी मेरीटाईम बोर्डाची तपासणी आणि वेगळा परवाना लागतो. विकणारा म्हणाला, "ते मागाहून बघू." मग आम्ही कुठल्या वाडीचे ते विचारले. सांगितले तसा त्याचा सूर बदलला. "तुम्हाला बोट झेपायची नाही," म्हणाला. किंमत मात्र एक रुपया कमी केली नाही. माझ्या मते, तिची लायकी कळायला तो नवा रंगच पुरेसा होता.

दुसरी लाँच मिळाली राजिवड्याच्या बाजूला, भाट्याच्या खाडीत. ही खाडी म्हणजे काजळी नदीचे मुख. पालीच्या पुढे महामार्ग आंजणारीच्या पुलावरून जाताना खाली जी नदी दिसते, ती हीच. एस.टी.तून कितीदा बघितली, पण ती इथे समुद्राला मिळते हे डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

मालक वयस्कर चाचा. मुलगा आखातात, नातवंडांना बोटीत रस नाही. लाँच ओहोटीला रेतीवर टेकवून ठेवलेली, म्हणजे तळ उघडाच बघायला मिळाला. रंग जुना, पण एकसारखा. पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात. खारे पाणी आधी त्याला खाते आणि पंखा वाचतो. तो अर्धा झिजलेला होता, म्हणजे आपले काम करत होता. चाचांनी इंजिन आमच्या देखत थंडच सुरू केले. थोडा पांढरा धूर आला आणि विरला. भरती आल्यावर लाँच तरंगली तेव्हा शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत होते. मी घाबरलो. चाचा म्हणाले, "भाऊ, चालू असताना थेंब पाहिजेच, त्याने शाफ्ट थंड राहतो. धार लागली तर मला सांगा."

मला पटले ते चाचांच्या वहीमुळे. ऑईल कधी बदलले, फिल्टर कधी, पॅकिंग कधी, सगळे तारीखवार. कारकुनाला वही वाचता येते. २०२० च्या टाळेबंदीत फेऱ्या बंद होत्या, तेव्हाही दर आठवड्याला इंजिन फिरवल्याची नोंद होती. जुनी बोट घेताना निम्मी बोट बघावी आणि निम्मा मालक.

खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, म्हणून भरती बघून बाहेर गेलो. अर्धा तास पूर्ण वेगाने चालवली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही, काळा धूर नाही, एक्झॉस्टमधून पाणी नीट पडत होते. मागणी सात लाखांची होती, साडेसहावर सौदा झाला. चाचांनी नांगर आणि दोर वर दिले.

पुढचे दोन महिने माझे. बोजा नसल्याचा दाखला, विक्रीचा करार, नावबदल, तपासणी, विमा. अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा २०२१ चा. त्यापूर्वी १९१७ चा चालत होता. सुकाणूवर बसायला सारंगाचे प्रमाणपत्र हवे, ते दोघांपैकी एकालाही नव्हते. भाऊ परीक्षेला बसला आहे. तोवर चाचांचा परवानाधारक पुतण्या पगारावर आहे. हा खर्च आम्ही आधी धरलाच नव्हता, तो दोष माझ्या अंदाजपत्रकाचा.

एका बाबतीत मी भांडलो. पोरांना आधी स्पीकर घ्यायचे होते, मी म्हटले आधी लाईफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि माणसे बुडाली. ती बातमी मी बैठकीत पुन्हा सांगितली. प्रत्येक बाकाला एक जॅकेट, लहान मुलांची वेगळी, असा ठराव झाला. स्पीकर अजून आलेले नाहीत.

पहिल्या फेरीला वाडीच आली. त्या आजीने लुगड्यावरून जॅकेट घातले, पट्टा सुनेने आवळला. लाँच हलली तशी तिने केबिनचा दांडा दोन्ही हातांनी धरला तो भाट्याचा पूल येईपर्यंत. मग म्हणाली, "दासगाव खंय रं?" भावाने उत्तरेकडे हात केला. "लांब आहे आजी, या बोटीने नाही जाता येणार." "मग मोठी घे," ती म्हणाली.

पावसाळा तोंडावर आहे. लाँच वर ओढून शाकारायची आहे, त्याला झावळ्या लागतील आणि आमच्या वाडीत माडच नाहीत. त्या विकत घ्यायच्या की ताडपत्री आणायची, यावर रविवारी विहारात बैठक आहे. जयभीम.