पुढचं पान

पाठवायच्या ऑर्डर्सची एकच यादी आमच्याकडे तीन ठिकाणी दिसते: वेब, अँड्रॉइड, आयफोन. वेबवाले म्हणतात पान नंबर द्या, मोबाईलवाले म्हणतात नंबर कशाला, फक्त 'पुढचं' द्या. मला विचाराल तर मोबाईलवाल्यांचं खरं.

ऑफसेट म्हणजे 'पहिल्या २० सोडा, पुढच्या २० द्या'. तुम्ही पहिलं पान बघताय तोवर वर नवी ऑर्डर आली, की विसावी दुसऱ्या पानावर परत भेटते. ठीक आहे, दोनदा दिसलेली निदान लक्षात तरी येते. पण पहिल्या पानावरची एखादी रद्द झाली, की एकविसावी वर सरकते आणि दिसतच नाही. न दिसलेली कशी लक्षात येणार? गिऱ्हाईकाचा फोन येईल तेव्हा!

कर्सरचं तसं नाही. 'या ऑर्डरच्या पुढच्या द्या', बस्स. स्ट्राइपच्या एपीआयमध्ये शेवटचा आयडी 'स्टार्टिंग आफ्टर'मध्ये द्यायचा आणि 'हॅज मोअर' बघायचं.

लायब्ररीत मात्र तिन्हीकडे हुबेहूब तोच कोड हवा हा हट्ट नको. नावं एक ठेवा (इथे 'लिमिट', तिथे 'पेज साइझ' असला घोळ नको) आणि यादी संपल्याची खूण एक ठेवा. बाकी जावास्क्रिप्टात फॉर-अवेट, कोटलिनमध्ये फ्लो, स्विफ्टमध्ये एसिंक-सीक्वेन्स. ज्याला जे सवयीचं ते. आणि हो, रिकामं पान म्हणजे शेवट नव्हे. डायनॅमोडीबीत फिल्टर लावला की रिकाम्या पानापुढेही माल असू शकतो.

वेबवाल्यांना पान नंबरांऐवजी तारखेचा फिल्टर दिलाय. अजून कुरकुरतायत.