दसरा होऊ द्या, मग बघू

पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात खिडकी दुरुस्त व्हायची. ती बदलतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बिजागरी सैल झाली की बोहरी आळीतून नवी बिजागरी यायची, कागदाच्या पुडीत मोजून बांधलेल्या स्क्रूंसह. गज गंजला की तेवढा गज. खालचं फळकूट कुजलं की तेवढं फळकूट. सागवानी चौकट मात्र आजोबांच्याही आधीची. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. ज्या चौकटी हाती लागल्या त्या चिखल खरवडून, सावलीत वाळवून, नव्या विटांच्या भिंतीत पुन्हा उभ्या केल्या.

पावसाळ्यात झडप फुगून अडकली की आम्ही सुतारमामांना बोलवायचो. ते झडपेवर हात फिरवायचे, रंधा पिशवीतच ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘दसरा होऊ द्या, मग बघू. आत्ता तासलं तर थंडीत फट पडेल.’’ दसऱ्यापर्यंत लाकूड वाळायचं आणि झडप बहुतेक वेळा आपणहून लागायची. मजुरी बुडते म्हणून त्यांनी कधी उगाच रंधा मारला नाही.

तावदान फुटायचं ते आमच्याच चेंडूने. मग हिऱ्याच्या कलमाने काच कापली जायची, खडूची पूड बेलतेलात मळून लांबी तयार व्हायची. तिची गोळी पळवून आम्ही गणपती करायचो. अंगठ्याने दाबत लांबी भरलेली असायची. वरून रंग चढला तरी ते ठसे जवळून दिसायचे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्याच काचांवर खळीने काळे कागद चिकटवले. त्यांचे कोपरे खरवडायला कुणाला सवड झाली नाही.

दिवाळीत आकाशकंदील गजाला. सर्दीवरचा ओवा वाळत खिडकीत. लक्ष्मी रस्त्यावर ज्यांची खिडकी, त्यांच्याकडे अनंत चतुर्दशीला पाहुणे मावायचे नाहीत.

मग ॲल्युमिनिअम आलं, सरकतं. ते फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, डासांची जाळी बसते, रस्त्याचा गोंगाट कमी होतो. म्हाताऱ्या माणसांना त्याने झोप दिली, हे मोठंच. पण दोन सरकत्या काचांची खिडकी उघडते अर्धीच, आणि खालचं चाक झिजलं की ‘‘हा सेक्शन आता येत नाही’’ म्हणून अख्खी खिडकी बदलावी लागते. दुरुस्तीच्या हिशेबात सागवानच सरस, असं आम्ही आजही म्हणतो.

पाडलेल्या वाड्यांच्या खिडक्या आता जुन्या बाजारात दिसतात, हॉटेलच्या भिंतींवर शोभेला लागतात. कोरीव असतील त्यांतल्या काही राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुखरूप आहेत. साध्या खिडक्यांना मात्र वाली नाही. त्या बंबात जातात.

तुमचा वाडा पुनर्विकासाला निघाला असेल, तर पहार लागण्याआधी एखाद्या जुन्या सुताराला एकदा बोलवा. चौकट ठोकून बघायला सांगा. साग आतून शाबूत निघाला, तर नव्या बिजागऱ्या, दोन गज आणि थोडी लांबी एवढ्यावर ती खिडकी नव्या घरातही बसेल. नकाशा पक्का व्हायच्या आत तिचं माप तेवढं बिल्डरला द्या.