झरोक्यावरचा पत्रा

ह्या अंकासाठी कविता मागितली होती. झाली नाही. तीन आठवडे घरातली बुरशी पुसतोय. तेच लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या वस्तीत शिरली. इचलकरंजीतलं आमचं पत्र्याचं घर छातीएवढ्या पाण्यात. पाणी उतरलं, भिंतीतली ओल उतरली नाही. आयची धाप तिथनं सुरू झाली. शेवटी मागच्या दिवाळीनंतर वरच्या अंगाला खोली घेतली. एक दार, अन् छताखाली वीतभर झरोका. मालकानं विचारलं, कामाला कुठं? म्हणालो, सूतगिरणीत. तेवढ्यावर भागलं. आठव्या दिवशी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला. पंधराव्या दिवशी झरोक्यावर बाहेरून पत्रा लागला. झरोका त्यांच्या परसात उघडायचा. "तुमच्या सुकटीचा वास येतो," मालकीण म्हणाली. तोंडावर म्हणाली, एवढं खरं.

स्वयंपाकाची वाफ, ओली कापडं, तिघांचा श्वास. जाणार कुठं? पहिल्याच पावसात झरोक्याच्या जाळीवर काळे ठिपके आले. मग सगळी जाळीच काळी, मऊ. कुबट वास. मी कोरड्या झाडूनं झाडली, अन् तिथंच चुकलो. बुरशी ओली करून पुसायची असते. कोरडी झाडली की तिची पूड उडते अन् सरळ छातीत जाते. त्या रात्री आय उठून बसली ती सकाळपर्यंत. जन्मभर तिनं कांड्या भरल्या, कापसाची धूळ आधीच खाल्लेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "घरात ओल आहे का?"

मग तोंडाला रुमाल बांधला, साबणाच्या पाण्यानं जाळी घासली, ब्लीचिंग पावडरचं पाणी लावलं. (त्यात संडासचं ॲसिड कुणी घालू नका. विषारी वायू होतो. मी घालायला निघालोच होतो, शेजारच्या पोरानं हात धरला.) जाळी पांढरी झाली. दहा दिवसांत ठिपके परत. पुन्हा घासली. पुन्हा आले. ओल आहे तवर ती येणारच, तिचा काय दोष?

रात्रपाळीला रिंगफ्रेमवर उभा असतो तवा डोक्यावरनं हवेचे डक्ट जातात. धागा तुटू नये म्हणून हवा धुऊन, मोजून सोडतात. ओल ६० टक्क्यांच्या आसपास. काटा हलला की साहेब पळत येतो. मी धागा जोडतो अन् मला आयचा झरोका दिसतो.

आजी सांगायची, गावात आपला महारवाडा पूर्वेला का, तर वारा पश्चिमेकडनं येतो. आपल्या अंगावरनं गेलेला वारा गावात शिरू नये. मला वाटायचं, म्हातारीच्या गोष्टी.

परवा पाळी सुटल्यावर पक्कड घेऊन परसात गेलो. मालक बाहेर आला.

"काय करायलास रं?"

"पत्रा काढायलोय, मालक. आयला धाप लागती."

"मग खोली सोडावी लागंल."

चार खिळे होते. तिसरा गंजलेला, लई वेळ खाल्ला त्यानं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. पत्रा खाली पडला तशी आतनं आय म्हणाली, "अरं, उजेड आला की."

महिनाअखेरपर्यंत मुदत मिळालीय. आज चौथा दिवस, जाळी कोरडी आहे. कुणाच्या पाहण्यात खोली असली तर कळवा. झरोका बघून कळवा.