डोडो म्हणण्याआधी

एखाद्याला पटकन काही सुचलं नाही की आजची मुलं म्हणतात, 'अगदी डोडो आहेस!' जुनी झालेली वस्तू असेल, तर तीही 'डोडो'च. एका पाखराच्या वाट्याला दोन अर्थ आले, मूर्ख आणि कालबाह्य. दुसरा मी सोसू शकते. पहिला ऐकला की आत काहीतरी टोचतं.

या पाखराला कुणी प्रेमाने नाव दिलंच नाही. 1598 मध्ये डच जहाजं मॉरिशसला लागली. खलाशांनी पक्षी मारून शिजवले, पण मांस जितकं शिजवावं तितकं ते चिवट होई. मग पक्ष्याचं नावच 'किळसवाणा' पडलं. 'डोडो' हा शब्द कुणी पोर्तुगीजांच्या 'खुळा' या शब्दाशी जोडतं, कुणी ढुंगणावरच्या पिसांच्या झुबक्यावरून आलेल्या डच नावाशी. पुढे 1766 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने शास्त्रीय नावातही त्याला बावळट ठरवलं. तोवर पक्षी जाऊन शंभर वर्षं उलटली होती.

त्याचा गुन्हा एवढाच, की तो माणसाला पाहून पळाला नाही. पण का पळावं? त्या बेटावर त्याच्यावर झडप घालणारं जनावर नव्हतं. भीती पिढ्यान्‌पिढ्या जीव गमावून अंगी येते, आणि डोडोच्या पूर्वजांना ती किंमत मोजावी लागली नव्हती. त्याचं घरटं जमिनीवर. जहाजांतून उतरलेल्या उंदरांना, डुकरांना, माकडांना त्यातली अंडी आयती मिळाली. शेवटची बऱ्यापैकी खात्रीची नोंद 1662 ची. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या दोनच वर्षं आधीची.

सुरतेचं नाव उगाच घेतलं नाही. 1630 च्या आसपास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तिथे दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरून वर सरकलं की जे बंदर लागतं, तिथे हा पक्षी जिवंत चालत होता! आणि त्याच सुमाराचं एक मोगल चित्र आहे, जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं. आज ते सेंट पीटर्सबर्गला आहे. त्याच्याकडे मी पुन्हापुन्हा परतते. भोवती इतर पाखरं, मध्ये डोडो. तपकिरी अंग, पिसं नसलेला चेहरा, टोकाला वाकलेली दणकट चोच. युरोपी चित्रांतला तो फुगीर गोळा इथे नाही, हा बराच सडसडीत आहे. चितारणाऱ्याने त्याला हसण्याजोगा केलेला नाही. शेजारच्या पाखरांना दिला तेवढाच मान आणि तेवढीच नजर त्याला दिली. नावाने जे नाकारलं, ते या कुंचल्याने दिलं असं मला वाटतं.

घुबडालाही आपण शिवी करून टाकलं आहेच. पण घुबड आजही रात्री शेतात उतरतं, उंदीर उचलतं आणि आपल्याला खोटं पाडतं. डोडोला ती सोय राहिली नाही. त्याच्या बाजूने बोलायला काही हाडं आहेत, निकोबारच्या बेटांवर अजून उडणारा त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक, निकोबारी कबुतर आहे, आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जपलेलं एक वाळलेलं डोकं आहे. 2018 मध्ये त्या डोक्याचं स्कॅन जाहीर झालं, तेव्हा त्यात शिशाचे छर्रे दिसले. ते डोक्याच्या आणि मानेच्या मागच्या बाजूला होते.