सोन्याआडचे चेहरे

कार्लश्टेन किल्ल्यातलं पवित्र क्रुसाचं प्रार्थनामंदिर बघताना डोळे आधी दिपतात, आणि माझ्या मते नेमकी तिथेच गफलत होते. बोहेमियाचा राजा आणि पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सने प्रागजवळचा हा किल्ला १३४८ मध्ये बांधायला घेतला. प्रार्थनामंदिराचं पवित्रीकरण १३६५ मध्ये झालं. सोन्याने मढवलेलं छत, त्यावर काचेचे तारे, भिंतींच्या खालच्या भागात सोनेरी गिलाव्यात बसवलेले चकचकीत रंगीत खडे. साम्राज्याची राजचिन्हं इथेच ठेवत. त्यामुळे अभ्यासू माणूसही याला सम्राटाची तिजोरी म्हणतो. मला हे अर्धवट वाटतं, कारण खड्यांच्या वर, दाटीवाटीने, चित्रकार मास्टर थिओडोरिकने रंगवलेल्या संतांचे १२९ फलक लावले आहेत.

हे चेहरे जवळून बघावेत. नाकं जाड, गाल भरलेले, ग्रंथ धरणारे हात मजबूत. काठाची रेघ जवळजवळ नाहीच. उजेड-सावली एकमेकांत इतकी हळू मिसळते की त्वचेखालचं मांस जाणवतं. कुणाचा झगा, कुणाचा ग्रंथ फलकाबाहेर पडून चौकटीवर उतरतो. चौकटींतच संतांचे अवशेष ठेवायला छोट्या खाचा आहेत. म्हणजे चौकट इथे चित्राची हद्द राहत नाही. संत आपल्याच दालनात येऊन बसतो.

हे सगळं सत्तेचंच प्रदर्शन, राजचिन्हांभोवती उभी केलेली स्वर्गीय फौज, असा आक्षेप निघतो. फौज हा हेतू मलाही मान्य आहे. पण पहारा द्यायला एका साच्याचे शंभर चेहरे पुरले असते. थिओडोरिकने त्यांना वजन दिलं, वय दिलं, विचारात बुडालेले डोळे दिले. सगळे फलक एकट्याच्या हातचे नाहीत, मदतनीस होते, असंही सांगतात. असतीलच; तरी मांसल, संथ घडणीचा आग्रह फलकाफलकांत टिकतो, आणि तो एका डोक्यातूनच आलेला असणार.

चार्ल्सलाही चित्रकाराची किंमत कळली होती. १३६७ मध्ये त्याने थिओडोरिकच्या मोर्झिना गावातल्या मालमत्तेला करमाफी दिली. बदल्यात अट एकच: या प्रार्थनामंदिरातल्या मेणबत्त्यांसाठी त्याने दरवर्षी मेण द्यायचं.