पुळ्या बऱ्या झाल्यावर

माझा सात वर्षांचा भाचा एका सकाळी गुबगुबीत दिसू लागला. ‘बाळसं धरलंय हो पोराने!’ म्हणत आजीने कानशिलावर बोटंही मोडली. दुपारी त्याला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी झाली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो वाढलेला होता. मग त्यांनी त्याची पॅन्ट वर सारून पोटऱ्या पाहिल्या. तिथे वाळलेल्या पुळ्यांचे डाग होते. ‘त्या तर कधीच बऱ्या झाल्या,’ बहीण म्हणाली. ‘म्हणूनच,’ डॉक्टर म्हणाले.

स्ट्रेप्टोकोकस या जंतूच्या काही जाती घशात शिरल्या तर एक ते तीन आठवड्यांनी, कातडीत शिरल्या तर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज आणतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) जिवंत जंतू मूत्रपिंडात गेलेलेच नसतात. त्यांचे अंश आणि त्यांच्याविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून तिथल्या बारीक गाळण्यांत अडकतात आणि दाह सुरू होतो. याच जंतूंमुळे होणाऱ्या लोहितांग ज्वरानंतर (स्कार्लेट फिव्हर) अंगावर येणारी सूज आणि लाल लघवी लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने 1812 मध्येच नोंदवली होती. मधल्या निवांत दिवसांचा अर्थ मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात पिर्के आणि शिक या डॉक्टरांना लागला. घोड्याच्या रक्तातला द्रव (सीरम) टोचल्यावरही आठ-दहा दिवसांनीच त्रास होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. तेवढा वेळ शरीराला प्रतिपिंडं बनवायला लागतो.

भाचा बरा झाला. बहुतेक मुलं होतात. अळणी जेवण, मोजून पाणी, लघवी वाढवणारं औषध, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सूज ओसरते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त मात्र काही महिने रेंगाळू शकतं.

मला राग येतो तो आपल्या बेफिकिरीचा. ‘पावसाळ्यात पोरांना पुळ्या व्हायच्याच’ म्हणून आपण मोकळे होतो. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा खरूज असते. खाजवून कातडी फुटते आणि जंतूंना वाट मिळते. पण खरूज म्हणजे गलिच्छपणा, या लाजेपोटी ती लपवली जाते, औषध एकट्या पोराला चोरून लावलं जातं आणि पुढच्या महिन्यात ती घरातूनच परत येते. पेनिसिलिनने पुळ्या बऱ्या होतात, संसर्ग पसरत नाही; पण मूत्रपिंडाची सूज त्याने टळेलच याची खात्री नसते.

तेव्हा खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, अंथरुणं-कपडे गरम पाण्यात धुवा. आणि पुळ्या सुकल्यावरही महिना-दीड महिना सकाळी मुलाच्या डोळ्यांभोवती सूज नाही ना आणि लघवीचा रंग बदलला नाही ना, एवढं पाहत जा.